अस्वल पकडणं सोपं, बुटकाळवणं अवघड

ड्वॉर्फ फोर्ट्रेस या संगणकावरच्या खेळात आपण बुटक्यांचा एक किल्ला चालवतो. माझ्या किल्ल्यातल्या दारूच्या कोठारात अस्वल शिरलंय हे मला कळलं ते कामं रद्द झाल्याच्या संदेशांवरून. पिंप उचलायला गेलेला परत फिरला, दगड वाहणारा परत फिरला, तहान लागलेला तर अर्ध्या वाटेतूनच पळाला. सगळ्यांचं कारण एकच, ग्रिझली अस्वल. नकाशा सरकवत कोठारापर्यंत गेले, तर पिंपांच्या मधोमध एक इंग्रजी 'बी' उभा. तेव्हा मी अक्षरांची आवृत्ती खेळायचे. त्यात बुटका म्हणजे हसरा चेहरा आणि अस्वल म्हणजे 'बी'. सात-आठ हसरे चेहरे दारातून बाहेर धावत होते आणि 'बी' निवांत पीत होता.

मी तीन सैनिक पाठवले. अस्वल मेलं, पण त्याआधी दोघं गेले. पहिला पडल्याबरोबर अस्वलाच्या नावापुढे एक भलंमोठं बिरुद आलं. इथं जनावराला नाव मिळायचे मार्ग मोजकेच: कुणी त्याला पाळलं तर, किंवा त्यानं कुणाचा जीव घेतला तर. त्या रात्री मी ठरवलं की पुढच्या अस्वलाला नाव मिळेल ते पहिल्या मार्गानं.

ठरवायला काय जातं! पुढचे चार किल्ले मी अस्वलांच्या नादात घालवले आणि त्यातले दोन अस्वलांनीच बुडवले. तेव्हा ड्वॉर्फ फोर्ट्रेसमध्ये अस्वल पाळायचा विचार असेल तर माझ्या चुका फुकटात घ्या. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांचा हा खेळ 2006 मध्ये पहिल्यांदा सगळ्यांना खेळायला मिळाला, आणि 6 डिसेंबर 2022 ला स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात चित्रांसकट आला. मी दोन्ही खेळले आहे. बटणं बदलली, अस्वलांचा स्वभाव तोच आहे. 2012 च्या आधी विदेशी जनावरं माणसाळवायला किल्ल्यात डंजन मास्टर नावाचा एक उमराव यावा लागायचा, आणि तो यायचाच नाही अशी बोंब असायची. आता त्याची गरज नाही. कुठलाही बुटका जनावर शिकवू शकतो, आणि माझ्या मते अर्धा घोळ तिथूनच सुरू होतो. त्यावर पुढे येते.

माणसाळवणं म्हणायचं तरी कसं? इथं माणूस कुठाय? आमच्याकडे आम्ही 'बुटकाळवणं' म्हणतो. आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. तो मागे खुर्ची ओढून बसतो आणि न मागता सल्ले देतो.

अस्वल येतं कशाला

रानातली बहुतेक जनावरं नकाशाच्या कडेनं फिरतात आणि काही दिवसांनी निघून जातात. अस्वलांतल्या काही जातींना मात्र खाण्याचा आणि दारूचा सोस आहे. वाट मोकळी दिसली की ती किल्ल्यात घुसून साठ्यातलं खातात-पितात. बुटक्यांचं सगळं चालतं दारूवर. ती मिळाली नाही तर ते मंदावतात, चिडतात. म्हणजे तुमचा किल्ला म्हणजे रानाच्या मधोमध उभा केलेला दारूचा गुत्ता, आणि त्याचा दरवाजा सताड उघडा.

पहिल्यांदा मी हे संकट मानलं. मग लक्षात आलं की शिकारीला हाका घालायची गरजच नाही, सावज स्वतः चालत आत येतंय. फक्त वाटेत पिंजरा हवा.

पण त्याआधी एक काम. तुमच्याकडे शिकारी नेमलेले असतील तर त्यांना थांबवा. शिकाऱ्याला तुमचा बेत कळत नाही, त्याला अस्वल म्हणजे मांस आणि कातडं. शिवाय आसपासच्या रानात किती अस्वलं आहेत याचा आकडा ठरलेला असतो, तो अनंत नाही. मारत सुटलात तर काही वर्षांनी नकाशावर अस्वल दिसणंच बंद होतं. माझ्या तिसऱ्या किल्ल्यात नर पकडला आणि मादीची वाट बघत बसले. माद्या आधीच शिकाऱ्यांनी संपवल्या होत्या. वाट बघतच तो किल्ला संपला.

प्रदेशही बघून निवडा. ग्रिझली समशीतोष्ण रानात असतं, पांढरं अस्वल गोठलेल्या मुलखात, लांब केसांचं स्लॉथ बेअर उष्ण प्रदेशात. वाळवंटात किल्ला उभारून अस्वलाची वाट पाहू नका. नवशिक्यांनी ग्रिझलीपासूनच सुरुवात करावी, कारण पांढऱ्या अस्वलाच्या मुलखात तुम्हाला अस्वलापेक्षा आधी थंडी आणि लाकडाचा दुष्काळ छळेल.

पिंजरा-सापळा

लागतं ते एवढंच: एक पिंजरा, एक यंत्रकळ. सुताराच्या कारखान्यात एका ओंडक्याचा एक पिंजरा होतो. मेकॅनिकच्या कारखान्यात एका दगडाची एक कळ होते. मेकॅनिक ती जागेवर बसवतो, पिंजरा चढवतो, झालं. अस्वल कितीही मोठं असो, पाय पडला की पिंजऱ्यात. बुटक्याचं आकारमान खेळात 60,000 घनसेंटिमीटर धरलंय आणि ग्रिझलीचं 2,00,000, म्हणजे तिप्पटीहून जास्त. तरी त्याच लाकडी पिंजऱ्यात ते बसतं. कसं, असं विचारायचं नाही. भाऊ प्रत्येक वेळी विचारतो.

शुद्धीवर असलेले तुमचे बुटके सापळ्यावरून बिनधास्त ये-जा करतात. पण व्यापाऱ्यांच्या गाड्यांना सापळा ओलांडता येत नाही. गाडीला नकाशावरच्या तीन चौकटी रुंद, मोकळी वाट लागते. मी एकदा मुख्य दरवाजात आडवे तीन सापळे लावले आणि शरद ऋतूत आमच्याच राजधानीचा तांडा गाड्यांशिवाय आला. खेचरांच्या पाठीवर आणलेला किरकोळ माल बघत बसले आणि मग कळलं, धोंडा मीच माझ्या पायावर पाडून घेतला होता.

म्हणून वाटा दोन करा. गाड्यांची रुंद वाट एरवी उचलत्या पुलानं बंद ठेवा, तांडा आला की उघडा. दुसरी एक चौकट रुंद, वळणावळणाची पायवाट, आणि तिच्यात एकापाठोपाठ एक पाच-सहा सापळे. एक सापळा पुरत नाही, कारण एकदा पिंजरा भरला की नवा रिकामा पिंजरा आणून चढवेपर्यंत ती चौकट म्हणजे नुसती फरशी. दोन अस्वलं मागोमाग आली तर दुसरं तिच्यावरून चालत आत येईल.

आमिष म्हणून पायवाटेच्या आत एक छोटी खोली खोदून तिथं फक्त दारू घेणारा साठा आखा, चार-पाच पिंपांपुरता. खोलीच्या दारात आणखी दोन सापळे. यात एक गोम आहे, ती मला एका बुटक्याच्या जिवावर कळली. तहान लागलेला बुटका जे पिंप हाताशी असेल तिथं पितो. माझी आमिषाची खोली दगडफोड्यांच्या कारखान्याशेजारी होती. त्यामुळे सगळे दगडफोडे तिथंच प्यायला जायचे आणि एकदा एक जण नेमका अस्वलाबरोबरच खोलीत पोचला. सापळा दोन चौकटी मागे होता, तोही त्याच सकाळी एका कोल्ह्यानं भरून टाकलेला. तेव्हा आमिषाची खोली कारखान्यांपासून लांब ठेवा, आणि खरं कोठार कामाच्या जागेला लागून, दारं बंद करता येतील असं.

रिकाम्या पिंजऱ्यांचा ढीग कायम हवा. मी दहाच्या खाली कधी येऊ देत नाही.

पिंजऱ्यातलं अस्वल

अस्वल अडकलं की कुणीतरी बुटका पिंजरा उचलून जनावरांच्या साठ्यात नेतो. तसा साठा आखलेला असायला हवा, नाहीतर पिंजरा सापळ्याच्या चौकटीतच पडून राहतो. पिंजऱ्यात अस्वलाला काही घालावं लागत नाही. खेळात उपाशी मरतात ती गवत खाणारी जनावरं. अस्वल पिंजऱ्यात वर्षानुवर्षं राहू शकतं. म्हणजे घाई नाही. नर मिळाला तर ठेवून द्या, मादी मिळेपर्यंत.

या टप्प्यावर लोक एक आगाऊपणा करतात, मीही केला. पिंजरा जमिनीवर बसवून लिव्हरला जोडता येतो. लिव्हर ओढला की पिंजरा उघडतो. शत्रू आले की अंगणात रानटी अस्वल सोडायचं, असा माझा थाट. लिव्हर तीन होते: एक पुलाचा, एक पाण्याच्या झडपेचा, एक अस्वलाचा. नावं द्यायचा मला कंटाळा. तांडा आल्यावर मी पूल खाली करायला सांगितलं आणि लोकुम नावाच्या एका भल्या बुटक्यानं जाऊन लिव्हर ओढला. पूल हलला नाही. व्यापारी मात्र हलले. लिव्हरला नाव देणं हे मिनिटाचं काम आहे.

शिकवणी

आता मुख्य भाग. जनावर शिकवण्यासाठी एक ट्रेनिंगचा झोन आखावा लागतो. मग प्राण्यांच्या यादीत जाऊन अस्वलाच्या नावापुढे शिकवणीची खूण करायची. ट्रेनर कोण, तेही तिथंच निवडता येतं: कुणीही चालेल, किंवा अमुकच. इथं 'कुणीही' निवडू नका.

स्टीमच्या आवृत्तीत बहुतेक किरकोळ कामं कुणीही मोकळा बुटका उचलतो. त्यात जनावर शिकवणंही आलं. म्हणजे आज चीज करणारा, उद्या साबण करणारा, परवा नुकताच आलेला कुणी स्थलांतरित. प्रत्येकाचं कौशल्य शून्य. अस्वलाची शिकवणी हलकी झाली की ते लवकर विसरतं, आणि मग सगळं मुसळ केरात. त्यापेक्षा कामांची एक वेगळी यादी बनवा, तिच्यात फक्त जनावर शिकवणं ठेवा, दोन बुटके त्यात घाला आणि 'फक्त निवडलेलेच हे काम करतील' अशी खूण करा. मग त्या दोघांना दुसरं फारसं काही देऊ नका. मी त्यांना दरवेशी म्हणते. दरवेशी दोन हवेत, एक नाही. एकाला वेड लागतं, एक विहिरीत पडतो, एकाला अचानक कारागिरीची झपाटलेली लहर येते आणि तो महिनाभर कारखाना अडवून बसतो. दुसरा असायला हवा.

दरवेशांचा हात कुत्र्यांवर आधी बसवून घ्या. कुत्र्यांना युद्धाचं किंवा शिकारीचं शिक्षण देता येतं आणि चुकलं तरी कुत्रा उलटत नाही. सात-आठ कुत्री शिकवून झाली की मग अस्वल. शून्य कौशल्याचा दरवेशी थेट ग्रिझलीवर सोडणं म्हणजे पोहायला शिकवायला धरणात ढकलणं.

शिकलेल्या अस्वलाला पायऱ्या असतात. आधी नुसतं 'शिकलेलं', मग शिकवणारा जितका तरबेज तितकी वरची पायरी. या पायऱ्या नावाशेजारच्या चिन्हांवरून कळतात, तलवारीच्या किंवा मडक्याच्या दर्जाला जशी चिन्हं असतात अगदी तशीच. आणि इथंच सगळे फसतात. वरची चिन्हं पाहून वाटतं, झालं, अस्वल आपलं. तसं नसतं. रानात वाढलेलं मोठं अस्वल शिकवणी विसरत जातं. पायरी उतरते, पुन्हा उतरते, अर्धरानटी होतं, आणि एक दिवस पुन्हा पूर्ण रानटी. तेही जिथं असेल तिथं, त्या क्षणी.

माझ्या बाबतीत ते जेवणघरात होतं.

तो चौथा किल्ला. मादी होती, सुरेख शिकवलेली, वरून दुसऱ्या की तिसऱ्या पायरीवर. कौतुकानं मी तिचं कुरण जेवणघराच्या एका कोपऱ्यात आखलं होतं. बुटके जेवताना तिच्या बाजूनं जायचे. कुरणात ठेवलेलं जनावर कुरण सोडून जात नाही, जोवर ते शिकलेलं आहे तोवर. दरवेशी होता सिब्रेक, एकटाच. शरद ऋतूत गॉब्लिन, म्हणजे खेळातले शत्रू, आले, मी जमेल तितके बुटके सैन्यात ओढले आणि त्यात सिब्रेकही. वेढा उठला. मी पथक मोडायला विसरले. सिब्रेक भाला घेऊन बराकीत कवायत करत राहिला आणि अस्वलाकडे कुणी फिरकलं नाही. सैन्यात तैनात बुटका इतर कामं करत नाही, हे मला माहीत होतं. माहीत असणं वेगळं, वेळेवर आठवणं वेगळं.

हिवाळ्याच्या मध्यावर वरून एक संदेश सरकला, की अस्वल पुन्हा रानटी झालं. मी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि खेळ थांबवून जेवणघर उघडलं. टेबलांभोवती अकरा बुटके. एक गाणारा. दोन लहान मुलं. मादी अजून त्याच चौकटीवर, कालच्यासारखीच. मी थांबवलेला खेळ एकेक पाऊल पुढे सरकवत राहिले, जणू हळू सरकवल्यानं काही टळणार होतं. चौथ्या पावलाला लढाईची नोंद उघडली. या खेळाची लढाईची नोंद कुठल्या हाताचं कुठलं बोट, इतक्या बारकाईनं लिहिते. तिथून पुढचं मी इथं लिहीत नाही. भाऊ मागे बसलेला होता. तो एवढंच म्हणाला, "ताई, दरवेशी कुठंय?"

त्यानंतरचे माझे नियम कडक आहेत. अस्वलाचं कुरण जेवणघरात, शयनगृहाजवळ, मंदिराजवळ नाही. एक वेगळी खोली खोदा, तिला एकच दार, दाराच्या आत आणि बाहेर दोन-दोन पिंजरा-सापळे. पाळीव जनावराला सापळा धरत नाही, पण पुन्हा रानटी झालेल्याला धरतो. म्हणजे अस्वल विसरलं तर दारातच पिंजऱ्यात जाईल आणि शिकवणी पहिल्यापासून. कुरण आणि ट्रेनिंगचा झोन एकाच खोलीवर एकमेकांवर आखा, म्हणजे दरवेशाला वणवण नाही. खोली ऐसपैस ठेवा. कुरणात गर्दी झाली की जनावरं आपसांत भांडतात, आणि अस्वलांचं भांडण म्हणजे कोंबड्यांचं भांडण नव्हे.

यादीत शिकवणीची खूण एकदा केली म्हणून विसरू नका. दर ऋतूला एकदा प्राण्यांची यादी उघडून बघते मी. वर्ष 336 दिवसांचं, ऋतू चार, म्हणजे 84 दिवसांतून एकदा पाच मिनिटं. दरवेशी सैन्यात तर गेला नाही? आजारी, जखमी, लहरीत तर नाही? पायरी उतरलीय का? एवढंच पाहायचं.

पिल्लू

एवढा खटाटोप दर ऋतूला जन्मभर करायचा असेल तर अस्वल कशाला, असं वाटणं साहजिक आहे. मलाही वाटलं. खरं उत्तर पिल्लात आहे. पकडलेलं अस्वल कधीच पुरतं तुमचं होत नाही. ते फक्त तुमच्याकडे राहतं. त्याचं पिल्लू मात्र होतं.

बंदिवासात जन्मलेलं पिल्लू लहान असतानाच शिकवलं तर ते पक्कं बुटकाळतं. मग विसरणं नाही, उलटणं नाही, दर ऋतूची धाकधूक नाही. म्हणून मोठ्या जोडीकडे मी आता बियाणं म्हणून बघते. त्यांना फक्त पिल्लं होईपर्यंत सांभाळायचं.

नर-मादी दोन्ही शिकलेले आणि दोन्ही पिंजऱ्याबाहेर, एकाच कुरणात हवेत. पिंजऱ्यात बंद जोडीला पिल्लं होत नाहीत. वाट बघून बघून काहीच झालं नाही तर दोष तुमचा नसेलही: खेळात प्राण्यांनाही आपापला कल असतो, काहींना जोडीदार नकोच असतो, काहींना आपल्याच लिंगाचा हवा असतो. माझ्या एका नरानं सहा वर्षं मादीकडे ढुंकून पाहिलं नाही. दुसरा नर आणल्यावर त्याच मादीला पुढच्या वर्षी पिल्लू झालं. म्हणून जमलं तर दोन नर, दोन माद्या.

पिल्लू जन्मल्याचा संदेश येतो. तो आला की सगळं टाकून प्राण्यांच्या यादीत जा आणि पिल्लाच्या नावापुढे शिकवणीची खूण आहे की नाही ते डोळ्यांनी बघा. नसेल तर करा, आणि चांगल्यातला चांगला दरवेशी नेमा. लहानपणीचा अवधी फार लांब नसतो. माझं पहिलं पिल्लू मी गॉब्लिनांच्या वेढ्यात विसरले. वेढा उठेपर्यंत ते मोठं झालेलं, आणि जन्मभर आईसारखंच राहिलं, कधी इकडे कधी तिकडे. दुसऱ्या खेपेला दोन पिल्लं होती. तेव्हा मी वेढ्यातही दरवेशाला सैन्यात घातलं नाही, एक भिंत कमी राखली. त्या दोघांच्या नावापुढे नुसतं 'पाळीव' आलं, कुठलंही चिन्ह नाही, पायरी नाही. इतकी कोरी ओळ बघून मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

आणखी एक फायदा हळूहळू कळतो. एकाच जातीची जनावरं शिकवत गेलं की किल्ल्याला त्या जातीची माहिती साठत जाते. आधी दोन-चार गोष्टी कळतात, मग बरीच ओळख होते, मग जाणकारी. त्यामुळे पाचवं अस्वल पहिल्यापेक्षा सोपं जातं, दरवेशी तोच असला तरी. म्हणून दर वर्षी नवी जात धरण्याचा मोह टाळा. वाघ दिसला, पकडायचा. हत्ती दिसला, पकडायचा. मग कशाचंच धड ज्ञान नाही.

युद्धाचं अस्वल

पक्कं बुटकाळलेलं ग्रिझली युद्धासाठी शिकवता येतं, त्याच यादीतून, त्याच दरवेशाकडून. मग ते एखाद्या सैनिकाला नेमून देता येतं आणि ते त्याच्या मागे फिरतं. ऐकायला मस्त, पण मी क्वचित करते. अस्वलाला चिलखत नसतं, आणि गॉब्लिनांचे बाण त्याला चाळणी करतात. वर, जीव लावलेल्या सैनिकाचं अस्वल गेलं की सैनिक खचतो, आणि खचलेला सैनिक किल्ल्यात काय करेल त्याची खात्री नाही.

मला ते दरवाजाशी साखळीला बांधलेलं आवडतं. पायवाटेच्या शेवटच्या वळणावर, सापळ्यांच्या आत. लपतछपत येणारा कोबोल्ड चोर जवळून जाताना दिसला की साखळीच्या टप्प्यात सापडतो. पहिल्या वर्षी असे तीन चोर गेले आणि दुसऱ्या वर्षी भावानं माझ्याच किल्ल्याची प्रत घेऊन स्वतःचा खेळ सुरू केला, अस्वलासकट.

विकायचं असेल तर पिंजऱ्यात घालून व्यापारी तळावर न्यायचं. वसंतात येणाऱ्या एल्फ जमातीच्या तांड्याला लाकडी पिंजऱ्यातलं दाखवू नका, त्यांना लाकडी वस्तूंचा राग येतो आणि सौदा मोडून निघून जातात. लोखंडी पिंजरा करा, किंवा उन्हाळ्यात माणसांचा तांडा येईपर्यंत थांबा. उलट एल्फ कधी कधी स्वतःच शिकलेली जनावरं विकायला आणतात. त्यात अस्वल दिसलं तर किंमत बघू नका, घ्या. मादी असेल तर अर्धा प्रवास वाचला.

जागा कमी पडायला लागली की खाटकाकडे पाठवायचा पर्यायही आहे. पाळीव अस्वल कापता येतं. रानटी, पिंजऱ्यातलं कापता येत नाही, आधी शिकवावं लागतं. मांस, चरबी, कातडं भरपूर. मी एकदाच केलं, त्या सहा वर्षांच्या आळशी नराचं. पुढचे चार दिवस भाऊ माझ्या खुर्चीमागे बसला नाही.

सध्याच्या किल्ल्यात पाच अस्वलं आहेत. जुनी जोडी अजून खोलीत बंद आहे, दर ऋतूला दरवेशी त्यांच्याकडे जातो. मादी परवा पुन्हा अर्धरानटी झाली होती आणि दरवेशी झोपलेला. तो उठेपर्यंत मी चहा केला. दारातल्या सापळ्यांत रिकामे पिंजरे चढवलेले आहेत ना, ते आधी बघून घेतलं.